कवड्यांनी काढलेली चित्रं

वैशाख लागला की सुरतेतली आमची डिंडोली निम्मी रिकामी होते. काल खालच्या मजल्यावरचं अंमळनेरकडचं कुटुंब कुलूप लावून गावी गेलं आणि जाताना तुळशीला पाणी घालायचं काम माझ्या गळ्यात टाकून गेलं. मला नाही म्हणता येत नाही असं नाही, चांगलं खडसावून म्हणता येतं. पण आखाजीला गावी निघालेल्या माणसाला अडवू नये. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी काय करतो ते करो, आम्ही खानदेशी माणसं पितरांची घागर भरतो, सांजोऱ्या आणि आमरस खातो, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात आणि पुरुष पत्ते कुटतात. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही आखाजीचे चार दिवस पारावर बसतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही.

मी गावी जात नाही. तिथे आता आमचं कोणी उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला सुरतेतलीच आखाजी आवडते. गॅलरीत बसावं, आंब्याची पेटी उघडावी, गवताचा नि चिकाचा वास घ्यावा, खाली रस्त्यावर कोणी नसावं. ऊन असं की गॅलरीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. अशा दुपारी मला एकाच वर्षीची आखाजी आठवते, आणि आठवली की माझाच मला राग येतो. इतकी वर्षं झाली, पण तो राग काही कमी होत नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही बैठ्या घरांच्या ओळीत राहायचो आणि पाठीमागे कापड विणणाऱ्या लूमच्या शेड होत्या. वर्षभर खटखट, खटखट. आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. नव्या माणसाला वाटायचं, इथे घरोघर भांडणं चाललीत. आखाजीला कारागीर गावी गेले की शेड बंद पडायच्या आणि आवाज थांबायचा. पहिले एक-दोन दिवस लोक तसेच ओरडत राहायचे, मग कोणाच्या तरी लक्षात यायचं आणि सगळ्यांचे आवाज खाली यायचे. आई म्हणायची, कानात कापूस घातल्यासारखं वाटतंय गं. बाबा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होते. त्यांची नखं बघून त्या आठवड्यात कोणता रंग चालू आहे ते कळायचं. सुट्टीत ते लिंबू चोळून चोळून नखं धुवायचे, तरी जांभळा रंग काही पूर्ण जायचा नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून शांताराम आप्पांचं घर होतं. आप्पा जॉबर होते, म्हणजे लूम अडला की तो चालू करून देणारा माणूस. कारागीर त्यांना फार मानायचे, कारण लूम नुसता ऐकून ते सांगायचे की कुठल्या चाकाचा दात झिजलाय. त्यांची बायको कौशीकाकी घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायची. मूलबाळ नव्हतं. आप्पांना लिहिता-वाचता बेताचं यायचं, काकीला अजिबात नाही. दोघं घरात अहिराणीत बोलायची, बाजारात गुजरातीत, आणि मी मराठी शाळेत चित्रकला शिकवते म्हणून माझ्याशी जरा जपून, पुस्तकातल्यासारखं. हे जपणं दोन मिनिटं टिकायचं. आप्पा मला ‘मास्तरीन’ म्हणायचे, आणि त्यात थोडी थट्टा असायची.

तरुणपणी आप्पा आखाजीला गावी जायचे आणि पत्त्यांत असे रमायचे की भूक-तहान आठवायची नाही. एका आखाजीला काकीचे वडील वारले. निरोप घेऊन माणूस पारावर आला, तेव्हा आप्पा म्हणाले, हा डाव झाला की उठतो. तो डाव झाला, मग दुसरा झाला. काकी एकटीच माहेरी गेली. परत आल्यावर ती भांडली नाही. तिने फक्त सांगितलं की यापुढे पत्ता हातात दिसला तर मी या घरात दिसणार नाही. आप्पांनी पत्ता सोडला तो सोडलाच. पण जित्याची खोड. वैशाख आला की त्यांचे हात शिवशिवायचे, कारण नसताना ते घरातले स्क्रू ढिले करायचे आणि पुन्हा आवळायचे. शेवटी काकीनेच तोडगा काढला. खेळायचंच तर घरात खेळा, माझ्याशी खेळा, आणि असं काही खेळा की ज्यात कोणी हरत नाही.

त्यातून ते यंत्र झालं. लूमच्या भंगारातली लहान-मोठी सहा दातेरी चाकं, एक फिरणारी लाकडी तबकडी, शिलाई मशीनचं हातचाक, आणि सहा भोकं पाडलेली एक लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला बॉलपेनची रिफिल बांधलेली. तबकडीवर कागद लावायचा आणि हातचाक फिरवायचं. तबकडी आपल्या चालीने फिरते, पट्टी आपल्या चालीने मागेपुढे होते, आणि रिफिल कागदावर वेटोळी काढत जाते. पण कुठलं चाक बसवायचं, पट्टीचं कुठलं भोक घ्यायचं आणि फेरे किती द्यायचे, हे आप्पांनी ठरवायचं नाही. ते काकीच्या सहा कवड्यांनी ठरवायचं. काकी तीनदा कवड्या टाकायची. जितक्या उताण्या पडतील तितवं चाक, मग तितवं भोक, मग तितके शंभर फेरे. सगळ्याच पालथ्या पडल्या तर मागच्या कागदाला जे होतं तेच राहायचं. कवड्या पडल्या की काकी कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने टिंबं द्यायची, तीन दानांच्या तीन ओळी. मग कागद सुलटा करून आप्पांकडे सरकवायचा.

कागद म्हणजे साडीच्या घडीत घालतात ते पांढरे जाड कागद. पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या घड्या घालणारं एक दुकान होतं, तिथून डाग पडलेले, कोपरे मुडपलेले कागद आप्पा उचलून आणायचे. आणि नियम एकच होता, तोही पत्त्यांतला: पडलेलं पान उचलायचं नाही. रिफिल अडली, शाईचा थेंब पडला, चाक सटकलं, कपाळावरचा घाम टपकला, तरी कागद बाद नाही. पाठीच्या कोपऱ्यात आप्पा त्याचा आकडा घालायचे आणि तो आपल्या क्रमाने ट्रंकेत जायचा. ‘डाव परत लेवाना नही,’ आप्पा म्हणायचे. वर पत्रा, कागद उडू नये म्हणून पंखा बंद, आणि दोघं घामाने निथळत चाक फिरवतायत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना ऊन लागलंय.

मग कागद पाहिले. काही कागदांवर करडईच्या फुलासारखं काहीतरी उमललेलं, काहींवर गुंता झालेल्या दोऱ्यासारखं, काहींवर नुसती चार खुळी कडी. एकासारखं दुसरं नाही. मी रीतसर चित्रकला शिकलेली बाई, आणि माझ्या हातून असा एकही गोल कधी निघाला नव्हता. हेवा वाटला. तो लपवायला मी मास्तरीनसारखे प्रश्न विचारले, हे कशाचं चित्र आहे वगैरे. काकी म्हणाली, कशाचं नाही, पडलं तसं आहे.

सहा आखाज्या हा खेळ चालला. सातव्या वर्षीच्या थंडीत आप्पांना कडेचं दिसेनासं झालं. लूमला खांदा धडकायचा, उंबऱ्याला पाय ठेचायचा. सरकारी दवाखान्यात सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. आप्पांनी मला हे असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कोणाची तक्रार आहे. पोकळ कांडी डोळ्याला लावून बघावं तितकंच दिसतं, म्हणाले, बरोबर मधलं. मग म्हणाले, ‘माले सगळा कागद एकदाव देखना शेत.’ सगळे कागद, एकदा, टाकल्या क्रमाने, मांडलेले. ट्रंकेत तीनशे अकरा होते आणि घर दहा बाय बाराचं. वीसच्या वर कागद त्यांनी कधी एकत्र पाहिलेच नव्हते. मी म्हटलं, आप्पा, मी प्रदर्शन भरवते. मला शब्द द्यायची फार घाई असते.

चित्रकलेच्या कॉलेजात शिकवणारे देसाई सर माझ्या ओळखीचे होते. त्यांना मी पंधरा-वीस कागद दाखवले. सर खूश झाले. अशी यंत्रं आणि असे फासे घेऊन चित्रं काढणारे लोक परदेशात आहेत, म्हणाले, आणि तुझे हे शेजारी त्यांतल्या कोणाचं नाव न ऐकता हे करतायत. मग त्यांनी प्रदर्शन कसं करायचं ते सांगितलं. सर्वात चांगले पंचवीस निवड, काळ्या फ्रेममध्ये काचेखाली लाव, प्रत्येकाला नाव दे, उजव्या कोपऱ्यात खाली चित्रकाराची सही घे, यंत्र मागे झाकून ठेव नाहीतर लोक चित्र सोडून यंत्रच बघत बसतील. हे सगळं मला इतकं पटलं की मी रिक्षात बसल्या बसल्या फ्रेमांची मापं काढायला लागले.

आप्पांना यातलं काहीच पटलं नाही. सहीचं ऐकून ते हसले. फिरत्या तबकडीवर खालचा कोपरा कुठला, म्हणाले. नाव कशाला, पाठीवर टिंबं आहेतच. चित्रकार म्हणून कोणाचं लिहायचं, यावर काकी म्हणाली माझं नको, आप्पा म्हणाले माझं तर मुळीच नको. आणि निवड? तिथे आप्पा अडून बसले. निवडणं म्हणजे पडलेलं पान उचलणं. चांगलं पान तेवढं ठेवायचं नि बाकीची खाली सरकवायची, याला आमच्याकडे खेळणं म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात. मी समजावलं की लोकांना तीनशे कागद बघायचा कंटाळा येतो. ते म्हणाले, लोकांनी नका बघू. मी म्हटलं, मग प्रदर्शन कशाला?

मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते मी म्हटलं होतं. ट्रंक माझ्या घरी आणून ठेवली होती, वार्षिक परीक्षेचे पेपर संपले होते, हात रिकामे होते. मी निवडायला बसले. एक ढीग उत्तम, एक बरा, एक टाकाऊ. निवडता निवडता मधूनमधून अकरा कागद कोरे निघाले. पाठीवर टिंबं होती, पुढे काही नाही. मला वाटलं, कवड्या टाकल्या असतील आणि तेवढ्यात कोणी पाहुणा आला असेल, डाव अर्धा राहिला असेल. चांगले जाड कागद, वाया कशाला घालवायचे? दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात ज्यांच्या चित्रकलेच्या वह्या भरल्या होत्या त्या अकरा जणांना ते वाटून टाकले आणि ‘आमचे आंब्याचे झाड’ हा विषय दिला. दहा जणांनी चित्रं काढली आणि घरी नेली.

अकरावी मुलगी सावकाश रंगवणारी होती. तिचं चित्र तिसऱ्या दिवशीपर्यंत चाललं होतं, म्हणजे सुट्टीच्या आदल्या दिवशीपर्यंत. ती कागद घेऊन टेबलाजवळ आली आणि म्हणाली, बाई, हा कागद खराब आहे, यात रेघा येतात. तिने मेणाच्या हिरव्या खडूने झाड गच्च भरलं होतं, आणि त्या हिरव्यात पांढऱ्या बारीक रेघांचं एक मोठं वेटोळं उमटलं होतं, नेमकं, सुबक, तीनशे-चारशे फेऱ्यांचं. मी कागद उजेडात तिरपा धरला. तो कोरा नव्हताच. रिफिल संपलेली होती. शाई नव्हती, पण टोक फिरलं होतं, आणि जिथे फिरलं तिथे कागद दबला होता.

शाळा सुटल्यावर मी त्या दहा घरी गेले. तीन घरी कुलूप, बाकीच्यांचीही गावी निघायची धांदल. चित्र कुठे गेलं कोणालाच आठवेना. एका घरी त्यात सांजोऱ्या बांधून गाडीत नेल्या होत्या. चारच दिवसांवर आखाजी आली होती.

आप्पांना सांगायला मी दोन दिवस लावले, आणि तेही मी ट्रंक परत नेऊन दिल्यावर काकीने कागद मोजायला घेतले म्हणून. तिची मोजायची रीत म्हणजे वीस-वीसच्या चळती. शेवटच्या चळतीत अकरा हवे होते, तिथे एकही नव्हता. ती काही बोलायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, आणि ते एक हिरवं चित्र पुढे ठेवलं. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. काकी म्हणाली की अलीकडे दुपारी ते तेच अकरा कागद काढून बसायचे. बाकीच्यांवर बोटांना काही लागत नाही, त्यांच्यावर लागतं. नजर गेल्यावर तेवढे तरी राहतील, असं म्हणायचे.

मला रडू आलं नाही, लाज वाटली. डोळे शाबूत असलेली, मुलांना बघायला शिकवण्याचा पगार घेणारी मी, आणि अकरा कागद हातात धरून मला ते दिसले नव्हते. मी म्हटलं, आप्पा, आपण पुन्हा काढू, रिकामी रिफिल लावू, काकी कवड्या टाकतील. आप्पांनी नकाराची मान हलवली. हिरव्या चित्रावर त्यांनी अंगठा फिरवला; मेणाने रेघा भरून गेल्या होत्या. मग कागद उलटा केला आणि टिंबांवरून बोटं फिरवत नेली. मागून रेघा बोटांना अजून लागत होत्या. म्हणाले, हा आपल्या जागी लाव. मी विचारलं, आणि बाकीचे दहा? ‘पडेल पान शे ते बी,’ आप्पा म्हणाले. ‘त्यास्नी जागा रिकामी ठेव.’

त्या दिवशी माझा फ्रेमांचा, काचांचा, पंचविसांचा सगळा बेत गळून पडला. आता कसं मांडायचं ते मी ठरवत नव्हते, ते ठरलेलं होतं. मला फक्त जागा शोधायची होती. आखाजीला लग्नांची दाटी, एकही हॉल मोकळा मिळेना. शेवटी एका वाडीत दोन लग्नांच्या मधले तीन दिवस मिळाले. वाडी म्हणजे सुरतेतला लग्नाचा हॉल. तिथले ठाकोरभाई दारातच म्हणाले, ‘खीलो नहीं, बेन.’ भिंती नुकत्याच पिवळ्या रंगवलेल्या, एकही खिळा ठोकायचा नाही. पण मांडवाचे लोखंडी पाइप पुढच्या लग्नासाठी तसेच उभे होते. त्या पाइपांना मी बारा दोऱ्या बांधल्या, डोक्याच्या उंचीवर, मधून माणूस जाईल इतक्या अंतरावर. ओळीतल्या प्रत्येक घरातून कपड्यांचे चिमटे गोळा केले. तीन दिवस आमच्या ओळीतले कपडे वाऱ्याने उडत होते आणि बाया मला शिव्या देत होत्या.

दोरीवर कागद टांगला की त्याला दोन्ही बाजू असतात. हे मला आधी सुचलं नव्हतं, सरांनाही नाही. फ्रेम केली असती तर काकीची टिंबं पुठ्ठ्यामागे गेली असती. आता एका बाजूने गेलं तर वेटोळी, दुसऱ्या बाजूने गेलं तर टिंबं, आणि टिंबं वाचता येऊ लागली की माणूस पलीकडे जाऊन चित्र ताडून बघायचा. दाराशी टेबलावर यंत्र आणि सहा कवड्या उघड्या ठेवल्या. नावाचा वाद मी पाटी लिहून मिटवला: ‘कवड्या टाकल्या कौशल्याबाईंनी, चाक फिरवलं शांतारामभाऊंनी.’ काकीने कोणाकडून तरी ती वाचून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी तिने लग्नातली साडी नेसली होती.

देसाई सर आले, दारात थांबून म्हणाले, हे तर तू धुणं वाळत घातलंयस. मग आत गेले आणि दीड तासाने बाहेर आले. साड्यांचा एक व्यापारी आला, त्याला एका कागदावरून पदर सुचला. आप्पा म्हणाले, सुचला तर घ्या, आमचं काय जातं. गावी न गेलेले कारागीर आले आणि आधी यंत्राभोवती जमले, सर म्हणाले होते तसेच. पण चाकं ओळखून झाल्यावर ते कागदांकडे वळले आणि कुठल्या चाकाने कुठलं वेटोळं पडलंय ते एकमेकांना दाखवू लागले. पुढे त्यांतल्या कोणी असं यंत्र केलं का, मला माहीत नाही. दोन वर्षांनी आप्पांची नजर पूर्ण गेली, तेव्हा ती दोघं ट्रंक घेऊन गावी राहायला गेली. मी एकदा जाऊन आले. काकीने आमरस वाढला, आप्पांनी आवाजावरून ओळखलं. हिरव्या झाडाचा कागद त्यांच्या उशाशी होता.

त्या तीन दिवसांत लोक येण्याआधी, सकाळी, आप्पा कागद बघायचे. तीन सकाळी लागल्या त्यांना. प्रत्येक कागदाच्या अगदी जवळ तोंड न्यायचे आणि मान हळूहळू फिरवत ती उरलेली नजर कागदभर नेऊन आणायचे. दोरीच्या पलीकडे काकी असायची. ती पाठीवरची टिंबं मोजून सांगायची, तीन, एक, पाच. आप्पा हुंकार द्यायचे आणि दोघं आपापल्या बाजूने पुढच्या कागदाकडे सरकायची. मी आप्पांच्या मागे असायचे, ठेच लागू नये म्हणून.

चौथ्या दोरीवर पहिली रिकामी जागा आली. आप्पा थांबले. पलीकडून आकडे आले नाहीत.

‘मास्तरीन, आठे काय व्हतं?’

मी म्हटलं, इथे काय होतं ते माहीत नाही, आप्पा. ते बाकीच्या कागदांपुढे जितका वेळ उभे राहिले होते तितकाच वेळ तिथे उभे राहिले, मग पुढे सरकले. दुसऱ्या जागेपुढे तेच विचारलं, तिसऱ्या जागेपुढेही. आवाजात राग नव्हता; लूमला काय झालंय असं कारागिराला विचारावं तसं विचारत होते, आणि दर वेळी मी माहीत नाही म्हणत होते. दहावी जागा शेवटच्या दोरीवर होती. तिथे त्यांनी विचारलं नाही. बाजूला झाले आणि मला पुढे केलं.

‘तू देख,’ म्हणाले.

मी पाहिलं. पलीकडे कौशीकाकी उभी होती, आणि वाचायला काही नसल्यामुळे ती माझ्याकडे बघत होती.